श्रावण पाळा, पण दारू एका रात्रीत तोडू नका

मा. संपादक,
स. न.

आषाढ अमावास्या जवळ आली. गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, हा आपल्याकडचा रिवाज. अधूनमधून घेणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, झाला तर फायदाच. पण ज्याला रोज एक-दोन क्वार्टर लागतात, सकाळी हात थरथरतात म्हणून जो आधी उतारा म्हणून थोडी दारू घेतो, तो जेव्हा श्रावण लागला म्हणून, गळ्यात माळ घातली म्हणून किंवा आदमापूरला बाळूमामांच्या देवळात शपथ घेतली म्हणून एकदम बंद करतो, तेव्हा पुढचे पाच दिवस त्याच्या जिवाला खरा धोका असतो. घरचे मात्र त्याच दिवसांत निर्धास्त असतात, कारण दारू सुटली ना!

दारू मेंदूला मंद करते. रोजच्या पिण्याने मेंदू त्या ओझ्याविरुद्ध सतत जोर लावायला शिकतो. चढणीला उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाचा सोल, म्हणजे जाड दोर, अचानक तुटला तर तो पुढे तोंडावर जातो, तसे दारू तोडल्यावर होते. ओझे गेले, जोर मात्र तसाच राहिला. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत कापरे, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे चालते, घर ओळखू येत नाही, ताप चढतो. वैद्यकीय भाषेत याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

आणि नेमके इथेच घोळ होतो. 'बाहेरचे काहीतरी लागले' म्हणून देवऋषी गाठला जातो. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. यातले काहीही करू नये. कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवाव्यात, किती मिनिटे चालली ते घड्याळात पाहावे आणि १०८ ला फोन करावा. भ्रमात असलेल्याला खोलीत कोंडणे किंवा बांधून ठेवणे हेही सर्रास चालते. साखळी घालणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदच केले आहे. त्यापेक्षा रात्रभर दिवा चालू ठेवावा, एकच ओळखीचा माणूस जवळ बसवावा, वाद घालू नये.

गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून आणणे हा दुसरा ठरलेला उपाय. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात बी-१, म्हणजे थायामिन, जवळजवळ संपलेले असते. ग्लुकोज पचवताना उरलेसुरलेही खर्ची पडते. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लटपटते, गोंधळ वाढतो आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावायच्या आधीच 'दारू पितात, थायामिन दिलेय का?' हे विचारावे. ते इंजेक्शननेच द्यावे लागते, कारण दारूने खराब झालेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही.

मुख्य औषध म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी करत आठवड्याभरात बंद. याच गोळ्या मेडिकलमधून आणून दारूसोबत घेतल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो. त्यामुळे डोस डॉक्टरनेच ठरवायचा. पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झालेला, यकृताचा आजार असलेला, किंवा घरी एकटाच राहणारा असेल तर हे घरी करायचेच नाही, भरती करावे. इतरांनाही डॉक्टरने रोज तपासणे गरजेचे. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत प्रमाण वाढवायचे नाही, पण एकदम तोडायचेही नाही. खाण्याला पेज, मऊ भात, ताक. उलट्या-जुलाब असतील तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

दर श्रावणात सोडायची आणि गणपती गेले की धरायची, असे वर्षानुवर्षे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. प्रत्येक वेळी दारू तोडल्याचा त्रास मागच्यापेक्षा जड जाण्याची शक्यता असते. 'गेल्या वर्षी काही झाले नव्हते' हा हिशेब इथे चालत नाही.

हे फक्त श्रावणातलेच नाही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांच्या ड्राय डेलाही हेच होते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकाने बंद झाली तेव्हाही झाले. पाय मोडून दवाखान्यात भरती झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी बरळू लागतो, कारण नातेवाइकांनी लाजेपोटी पिणे लपवलेले असते. शेवटची कधी घेतली, रोज किती, हे भूल देणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगावे. इथे लाज महागात पडते.

इतर नशांचे थोडक्यात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी फिट येऊ शकते, त्यामुळे त्या हळूहळूच उतरवतात. टॅपेंटाडॉल (वेदनाशामक गोळी), ब्राऊन शुगर यांचा त्रास भयंकर वाटतो: जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे. पण तो बहुधा जिवावर बेतत नाही. धोका नंतर असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि जुन्याच मापाने पुन्हा घेतले की श्वास बंद पडू शकतो. केस होईल या भीतीने दवाखाना टाळणाऱ्यांनी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचे कलम ६४-अ वकिलाकडून समजून घ्यावे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्यात संरक्षण आहे.

आता आपल्याकडे थेट तक्रार. 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशा छोट्या जाहिराती वृत्तपत्रांतून अजून येतात. पुडीत काय आहे ते कोणी सांगत नाही. डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर प्यायला तर तोंड लाल होते, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो. हे औषध दारू पूर्ण उतरल्यावर, रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. चहात कालवून नव्हे. या जाहिराती घेऊ नयेत.

गटारीच्या आदल्या दिवशी मटणाच्या दराची आणि दुकानापुढच्या रांगांची बातमी आपण छापताच. तिच्या शेजारी चार ओळींची चौकट द्या: रोज पिणाऱ्याने एकदम सोडू नये, आधी सीपीआर (कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मानसोपचार विभागात जावे, व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत, फिट, भ्रम किंवा ताप आला तर १०८.

– व्यसनमुक्तीच्या कामातील काही वाचक, कोल्हापूर