मधोमध, पण कुणाच्या स्क्रीनच्या?

संपादक महोदय,

इंदुरातल्या मराठी संस्था वर्गणी आणि सभागृहाचे आरक्षण आता वेबसाइटवर घेऊ लागल्या आहेत. मात्र अनेक पानांवर ‘पैसे भरा’ची चौकट लॅपटॉपवर अगदी मधोमध असते आणि मोबाइलवर दिसतच नाही. १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर ६०० ची चौकट मध्ये यावी म्हणून डावीकडून ३८३ पिक्सेल सोडलेले असतात. ३६० रुंदीच्या मोबाइलवर ती स्क्रीन संपल्यावर सुरू होते!

पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘लेफ्ट ५० टक्के’ लिहिले तर मध्यावर येतो तो चौकटीचा डावा काठ. मग ट्रान्सलेट या सरकवण्याच्या सूचनेने तिला निम्म्या रुंदीइतके मागे ओढतात. पण रुंदी ठरवून दिलेली नसेल तर चौकटीला अर्धीच स्क्रीन मिळते आणि बटणावरचे ‘पावती डाउनलोड करा’ दोन-तीन ओळींत मोडते. विड्थ (रुंदी) १०० टक्के, मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) ६०० पिक्सेल आणि दोन्ही बाजूंची मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) ऑटो, एवढ्याने आडवे काम भागते. पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान मोबाइलच्या रुंदीइतके धरायला सांगणारी ओळ) मात्र हवाच. तो नसला की मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेलचे धरून चालतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात.

खरी गोची उभ्या दिशेची. फ्लेक्स या मांडणीच्या पद्धतीत हाइट १०० व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) आणि अलाइन-आयटम्स सेंटर (उभे मध्यावर) दिले, की लांब फॉर्म वर-खाली सारखाच बाहेर जातो. खालचा भाग स्क्रोल करून दिसतो, वरचा कधीच नाही. नावाचा रकानाच हाती लागत नाही. शिवाय मोबाइलवर १०० व्हीएचमध्ये ॲड्रेस बारखालची जागाही मोजली जाते. म्हणून हाइटऐवजी मिन-हाइट (किमान उंची) आणि व्हीएचऐवजी डीव्हीएच (ॲड्रेस बार दिसतो-लपतो तसे बदलणारे माप) वापरावे. २०२२ अखेरपासून सगळे प्रमुख ब्राउझर ते ओळखतात. आमच्या मते लांब फॉर्म उभा मध्यावर आणूच नये. तो थाट दोन ओळींच्या सूचनेला शोभतो.

देवनागरीला उंचीही जास्त लागते. बटणाला पक्की हाइट आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १, म्हणजे अक्षराच्या आकाराइतकीच, दिली तर रफार आणि उकार कापले जाऊ शकतात. लाइन-हाइट १.५ च्या आसपास ठेवून वर-खाली सारखे पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्यावे.

पान करून देणाऱ्याचे बिल चुकते करण्याआधी संस्थांनी ते साध्या मोबाइलवर उघडावे, मोबाइल आडवा धरून आणि अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करूनही.

– वेबसाइट बनवणारे काही वाचक, रामबाग, इंदूर