उंची बघायला शिकवलंत, काका

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तुम्ही विषय टायरमधल्या हवेवर नेलात. म्हणून हे पत्र. आणि ते कोणालाही वाचता येईल असं लिहितेय, कारण दर उन्हाळ्यात आपल्यातली कितीतरी कुटुंबं भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन, भाड्याची आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी घेऊन, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात निघतात. आम्हीही तसेच निघालो होतो. कुठल्या पार्कात काय बघायचं ते पाठ होतं. रात्री गाडी कुठे लावायची, याचा विचार सगळ्यात शेवटी केला.

युटा राज्यातल्या झायन पार्कात वॉचमन कॅम्पग्राउंड आहे, म्हणजे तंबू आणि आरव्ही लावायचा तळ. तिथल्या जागा सहा महिने आधी बुकिंगला खुल्या होतात. आम्ही बघायला गेलो तेव्हा जुलैतली एकही रात्र शिल्लक नव्हती. मग युटाच्या हद्दीबाहेर, हायवेलगत मिळेल ती जागा घेतली. ‘फुल हुकअप’ लिहिलं होतं, म्हणजे वीज, पाणी, सांडपाण्याचा पाइप, तिन्ही जागेवर. फोटोत पोहण्याचा तलाव होता. एवढं पुरेसं वाटलं. त्या जागेचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मुद्दाम काही वाईट केलं नाही, आणि चूक निवडणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

त्या संध्याकाळी सहा वाजता बाहेर ११२ अंश फॅरनहाइट होतं, म्हणजे ४४ सेल्सिअसच्या वर. पायाखाली खडी, डोक्यावर एक झाड नाही, आणि शेजारची गाडी इतकी जवळ की त्यांच्या एसीची गरम हवा आमच्या खिडकीवर यायची. आमचा एसी दोन मिनिटं चालायचा, बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. आतलं तापमान ९६ वरून खाली यायला तयार नव्हतं. आईने दुपारपासून फारसं पाणी प्यायलं नव्हतं, कारण हलत्या गाडीत बाथरूमला जायला तिला भीती वाटायची. सातच्या सुमाराला ती म्हणाली, डोकं गरगरतंय, मळमळतंय. आणि आडवी झाली.

मैत्रिणीने तिच्या सासऱ्यांचा नंबर निघतानाच दिला होता. “ते आणि सासूबाई वर्षातले सहा महिने आरव्हीतच राहतात, काही अडलं तर लाव.” आपली ओळख नव्हती, काका. मी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. मी एसीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि तुम्ही मला तोडलंत. “एसी राहू दे. आधी सांग, आई नीट बोलतेय का? शब्द अडखळतायत, वाराचं नाव चुकतेय, असं काही? तसं असेल तर माझा फोन ठेव आणि ९११ लाव.” मी आईला वार विचारला. तिने सोमवार सांगितला, वर “असं का विचारतेस” म्हणून रागावलीही. तुम्ही पलीकडून म्हणालात, “छान, रागावतेय म्हणजे ठीक आहे. आता तिला तिथून हलव.”

कुठे हलवायचं हे मला सुचलंच नसतं. कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीच्या खोलीला पक्क्या भिंती असतात आणि एसीही बहुधा असतो, हे तुम्हाला माहीत होतं. आई-बाबांना तिथल्या खुर्च्यांवर बसवलं, मानेवर आणि मनगटांवर ओला पंचा ठेवला. हवा इतकी कोरडी होती की पंचा पाच मिनिटांत सुकायचा, आणि तो सुकतो म्हणूनच अंग थंड होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं. तासाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग तुम्ही एसीकडे वळलात. सर्ज प्रोटेक्टरच्या, म्हणजे विजेच्या चढउतारापासून गाडीला वाचवणाऱ्या डब्यावरचा आकडा वाचायला लावलात. १०२. तिथे ११५-१२० व्होल्ट हवेत. सगळं कॅम्पग्राउंड एकाच वेळी एसी लावून बसलं की जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज खाली येतं. ते १०४ च्या खाली गेलं की तो डबा गाडीची वीजच तोडतो, कारण कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि जळतो. दोन-अडीच मिनिटांनी डबा पुन्हा वीज जोडतो, एसी सुरू होतो, आकडा पुन्हा पडतो. मी ज्या डब्याला तासभर शिव्या देत होते, तो गाडी वाचवत होता. “३० अँपचा प्लग म्हणजे सगळी मिळून ३,६०० वॉट. त्यात एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचं गरम पाणी एकत्र बसत नाही. पाणी आणि फ्रिज गॅसवर घे.” ते आम्ही केलं. आकडा १०६ वर आला आणि रात्री अकरानंतर एसी सलग चालला.

पण तुमचं खरं देणं त्यानंतरचं. मी विचारलं होतं, उद्यासाठी चांगल्या विजेचं, ५० अँपवालं कॅम्पग्राउंड कुठे मिळेल? तुम्ही म्हणालात, “वीज शोधू नकोस. उंची शोध.”

मला तेव्हा ते पटलं नव्हतं, हे आज कबूल करते. आईला चक्कर आलेली असताना हा माणूस मला वीजच नसलेल्या जंगलात जायला सांगतोय, असं वाटलं. तुम्ही शांतपणे हिशोब मांडलात. आम्ही १,६०० फुटांवर होतो. कोरड्या हवेत दर हजार फुटांना साडेतीन ते पाच अंश फॅरनहाइट कमी होतात. ब्राइस कॅन्यन पार्कच्या अलीकडे, रेड कॅन्यनजवळ, डिक्सी नॅशनल फॉरेस्टमधली जमीन ७,००० फुटांच्या वर आहे. “छतावरचा एसी जी हवा आत ओढतो, तिच्यापेक्षा फार तर पंधरा-वीस अंश थंड हवा सोडतो. डोंगर तुला तेवढंच देईल, आणि डोंगराचा ब्रेकर पडत नाही.” मग लगेच विचारलंत, बाबांना बीपी आहे का, दम्याचा त्रास आहे का, कारण उंचीवर धाप लागू शकते. पहिला दिवस बसून काढा, चालायचं दुसऱ्या दिवशी, असंही बजावलंत. जनरेटरवर विसंबू नका, उंचीवर तोही दमतो, दर हजार फुटांना त्याची साधारण तीन टक्के ताकद जाते. पाणी मात्र खालूनच भरून घ्या. ४० गॅलन म्हणजे ३३० पौंडांहून जास्त वजन, ते चढावर जाणवतं, पण वर नळ गाडीजवळ नसतो.

रस्ताही तुम्ही आखून दिलात. झायनमधून जाणारा बोगदा आमच्या गाडीसाठी नाही. सीडर सिटीहून डोंगरावर थेट चढणारा १४ नंबरचा रस्ता जवळचा दिसतो, पण नवशिक्याने भाड्याच्या गाडीत तो घेऊ नये. आय-१५ हायवेने पुढे जायचं आणि ट्रक जातात त्या २० नंबरच्या रस्त्याने यूएस-८९ हायवे गाठायचा. आणि पहाटे पाचला निघायचं, कारण चढ थंडीत चढलेला इंजिनाला बरा. शिवाय तिथे बुकिंग नव्हतं, आधी येईल त्याला जागा. जुन्या मुक्कामाची माणसं सकाळी दहा-अकराला निघतात, त्या वेळी तुम्ही दारात हवं, म्हणालात. युटात शिरल्यावर घड्याळ एक तास पुढे जातं हे तुम्ही आठवणीने सांगितलं नसतं, तर आम्ही आरामात निघून जागा घालवली असती.

व्हर्जिन नदीच्या घळीतून सूर्य उगवता उगवता आम्ही वर आलो. बाबा पुढच्या सीटवर फोनमधला उंचीचा आकडा मोठ्याने वाचत होते. सीडर सिटीला ५,८००. पँग्विचला ६,६००. नवरा गाडी चालवत होता आणि मी मागे आईचा हात धरून बसले होते. आईने पँग्विचनंतर खिडकी उघडायला सांगितली. दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही खिडकी उघडली.

जागा निवडताना तुम्ही व्हिडिओ कॉलवर होतात. मी पाँडेरोसा पाइनच्या अगदी बुंध्याशी असलेली, गर्द सावलीची जागा दाखवली. तुम्ही म्हणालात, वर बघ. वर एक वाळलेली जाड फांदी होती. “झाड डोक्यावर नको, पश्चिमेला हवं. सकाळचं ऊन लागू दे, दुपारचं अडव.” फोनमधलं होकायंत्र उघडायला लावलंत. गाडीचं तोंड उत्तरेला केलं की उजव्या अंगाचं दार आणि ऑनिंग, म्हणजे गाडीला जोडलेलं कापडी छप्पर, पूर्वेला येतात, आणि दुपारनंतर गाडीचीच सावली अंगणावर पडते. डावीकडची फ्रिजची जाळी पश्चिमेला जाते, तिच्यावर झाडांची सावली हवी. तीन जागा बघून आम्ही चौथी घेतली, जिच्या पश्चिमेला पाइनची रांग होती. चौथीच्या शेजारी एक छान मोकळी सपाट जागा होती, वाळूची, मऊ. ती तुम्ही कॅमेऱ्यातून बघूनच नाकारलीत. तो सुकलेला ओढा होता, आणि जुलैमध्ये तिकडे दुपारी डोंगरावर कुठेतरी पाऊस पडतो आणि पाणी इकडे येतं. दोन दिवसांनी दुपारी खरंच गडगडून आलं. त्या वाळूतून वीतभर गढूळ पाणी वाहताना मी दारातून पाहिलं आणि मुलाला घट्ट जवळ धरलं.

चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल करताना नवरा कंटाळला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात की ते तुमच्या झोपेसाठी नाही, फ्रिजसाठी आहे, गॅसवर चालणारा तो फ्रिज तिरका राहिला तर थंड करत नाही. आईचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये होतं. हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं.

दुपारी तीनला तापमान ८६ होतं. एसी नाही, जनरेटर नाही. छतावरचा पंखा हवा बाहेर टाकत होता आणि सावलीच्या बाजूच्या खिडकीतून थंड हवा आत येत होती. उन्हाने पाइनची साल तापली की तिला व्हॅनिलासारखा गोड वास येतो, तो सगळ्या जागेवर पसरला होता. बाबा प्रत्येक झाडाजवळ जाऊन वास घेऊन आले. आई खुर्चीत बसून होती, न बोलता, बराच वेळ.

आणि पहाटे पाचला तिने मला उठवून स्वेटर मागितला.

काका, आदल्या रात्री मी तिच्या मनगटावर ओला पंचा बदलत होते. दीड दिवस उलटायच्या आत ती थंडी वाजतेय म्हणून स्वेटर मागत होती. मी तो तिच्या अंगात घातला, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि खूप रडले. तुम्हाला तेव्हाच फोन करणार होते, पण तुमच्याकडेही पहाटच होती.

ठरवलेला मुक्काम एका रात्रीचा होता, आम्ही चार रात्री राहिलो. ब्राइस कॅन्यन तिथून इतकं जवळ आहे की सकाळी लवकर जाऊन उन्हं चढायच्या आत परत येता यायचं. झायन या वेळी राहिलंच, आणि त्याचं कोणालाही वाईट वाटलं नाही.

एक आभार अजून राहिलेत, ते काकूंचे. त्या रात्री तुम्ही माझ्याशी व्होल्टेजबद्दल बोलत होतात, तेव्हा काकूंनी त्यांच्या फोनवरून बाबांच्या फोनवर कॉल लावला आणि लाँड्रीच्या खोलीत बसलेल्या आईशी पाऊण तास बोलत राहिल्या. काय बोलल्या ते आईने मला परवा सांगितलं. हलत्या गाडीत बाथरूमला जायची भीती काकूंनाही पहिली दोन वर्षं वाटायची. त्या तुम्हाला सरळ गाडी थांबवायला सांगायच्या. “तूही सांग,” त्या म्हणाल्या, “जावयाला सांगायला लाजू नकोस.” दुसऱ्या दिवसापासून आई दर तासाला थांबायला सांगत होती आणि पाणी पीत होती. आम्हाला वाटलं, बरं वाटतंय म्हणून. तुमच्या व्होल्टेजइतकंच ते महत्त्वाचं होतं, आणि ते मला कधीच सुचलं नसतं.

आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. तुम्ही दोघं जूनमध्ये ज्या उंचीवर असाल, ती कळवा. आम्ही तिथे येतो.

तुमची,
फोनवरची मुलगी