ट्रंक आभासी चालेल, पण क्षमतेची हमी खरी हवी

मा. केंद्रीय संचार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2016मध्ये जिओ सुरू झाले आणि तिथून एअरटेल, व्होडाफोन, आयडियाला लावलेले कॉल लागेनासे झाले. दोन्हीकडचे फोन चालू, टॉवर चालू. घोडे अडले होते ते कंपन्यांच्या आपसातल्या जोडणीवर. तिथे हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत, हा दूरसंचार नियामक ट्रायचा निकष. ऑक्टोबरमध्ये ट्रायने तिन्ही कंपन्यांना मिळून 3,050 कोटी रुपये दंडाची शिफारस केली. फुकट कॉलचा लोंढा आल्याचे कंपन्यांचे म्हणणे होते. त्या वादात मला शिरायचे नाही. मला बोलायचे आहे ते ज्यावरून भांडण झाले त्या ई-वन पोर्टबद्दल, म्हणजे दोन कंपन्यांची जाळी जोडणाऱ्या ठरावीक क्षमतेच्या जुन्या जोडणीबद्दल.

एका ई-वनवर 30 संभाषणे चालतात, 31व्याला जागा नाही. जिओचे अख्खे जाळे आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारखे आवाजाची पाकिटे करून पाठवणारे, तरी वेशीवर प्रत्येक कॉल या जुन्या साच्यात ओतावा लागत होता.

यावरचा उपाय नव्वदच्या दशकातच सापडला होता. 10 एक्स्चेंज एकमेकांना थेट जोडायची तर 45 मार्ग लागतात. 20 झाली की 190. प्रत्येक मार्गावर गर्दीच्या तासापुरत्या लाइन राखायच्या आणि उरलेला दिवस त्या रिकाम्या. म्हणून असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, म्हणजे एटीएमच्या जाळ्यावर आभासी ट्रंक आल्या. ट्रंक म्हणजे दोन एक्स्चेंजमधली लाइन; आभासी ट्रंक कायमची राखलेली नसे, कॉलपुरतीच उभी राही. कॉल आला की एक्स्चेंज नेहमीसारखाच सिग्नलिंग संदेश पाठवी. पलीकडच्या गेटवेचा, म्हणजे जाळ्याच्या दारावरल्या यंत्राचा, पत्ता कळला की त्या कॉलपुरता मार्ग उभा राही. 48 बाइट माहिती आणि 5 बाइटचे शीर्ष, अशा 53 बाइटच्या सेलमधून आवाज जाई. पण त्याआधी वाटेतला प्रत्येक स्विच आपली शिल्लक क्षमता तपासत असे. जागा असली तर होकार, नसली तर पलीकडची घंटा वाजण्याआधीच नकार. बोलणे संपले की ती जागा पुन्हा सर्वांसाठी मोकळी.

एटीएम मागे पडले, ते परत आणा असे मी म्हणत नाही. पण तो होकार-नकाराचा टप्पा आपण सोडता कामा नये. साध्या आयपी जोडणीवर गर्दी झाली की नव्या कॉलला कोणी अडवत नाही आणि मग सगळ्यांचाच आवाज तुटतो. त्यात कॉल 'लागला' अशीच नोंद होते, त्यामुळे ग्राहकाला तक्रारीसाठी पुरावाही उरत नाही.

आयपी जोडणीचे नियम करताना कंपन्यांनी क्षमता नुसत्या एमबीपीएसमध्ये, म्हणजे डेटाच्या वेगात, न सांगता एकाच वेळी किती कॉल चालतील, या आकड्यात लिहून द्यावी. त्या मर्यादेची तपासणी दोन्ही बाजूंच्या गेटवेवर सक्तीची करावी. 112च्या आपत्कालीन कॉलसाठी काही जागा राखून ठेवावी. आणि प्रत्येक जोडणीवर गर्दीच्या तासाला किती कॉल नाकारले, हे रोजच्या रोज जाहीर व्हावे. 2016मध्ये दंडाची शिफारस व्हायलाच दीड महिना गेला. असे आकडे समोर असते, तर कोंडी पहिल्याच संध्याकाळी दिसली असती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, पुणे