जिंतूर रोडवरच्या मिस्त्री चाचांना

चाचा, सलाम.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. परभणीत जिंतूर रोडला ज्यांनी कधी आपली जुनी गाडी तुमच्याकडं लावलीय, ते ओळखतीलच. मी जिंतूरचा पेपरवाला. ऐन वैशाखात, भर दुपारी बंद गाडी ढकलत तुमच्या कडुलिंबाखाली आलो होतो, माझ्यामागं माझे म्हातारे वडील चालत होते, तो मी.

त्याला आता तीन आठवडे झाले. रोज पहाटे साडेचारला गाडी दुसऱ्या किकला चालू होते आणि रोज वाटतं, चाचांशी नीट बोलायचं राहूनच गेलं. त्या दिवशी माझा घसा दाटला होता. नुसतं ‘येतो’ म्हणालो आणि निघालो. जे बोलायचं होतं ते आज लिहितो.

गाडी सीडी १००, हिरो होंडाची, १९९२ सालची, एमएच २२ पासिंग. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतली. ही गाडी १९८५ ला बाजारात आली तेव्हा आपल्याकडं बहुतेक टू-स्ट्रोक गाड्या, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालणाऱ्या, मागं निळा धूर सोडणाऱ्या. त्यात ही ९७ सीसीची फोर-स्ट्रोक. धूर नाही, आवाज मऊ, पेट्रोल पुरवून पुरवून खाणारी. दर दसऱ्याला अण्णा स्वतः धुवून तिला झेंडूचा हार घालायचे, आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. आणि कान असा, की मी गल्लीच्या तोंडाशी आलो तरी ओट्यावरून सांगायचे, ‘चैन ढिली झालीय बघ.’

आता अण्णा ७९ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपासून त्यांना ऐकू येणं जवळजवळ गेलंय. त्या दिवशी आम्ही परभणीला आलो होतो ते कानाच्या डॉक्टरकडंच.

दिवाळीनंतर गाडीचं बिघडलं. थंड असली की चोक ओढल्याशिवाय चालू होईना, चोक सोडला की बंद. गरम झाली की दुसरीच तऱ्हा. रेस सोडली तरी इंजिन आपलं ओरडतच राहायचं, मग एकदम खाली येऊन गप्प. उतारावर सायलेन्सरमधून फटाके. प्लग काढावा तर पांढराफटक. माझी लाइन जिंतूरपासून येलदरीच्या बाजूची, आठ गावं, जाऊन-येऊन रोज ५५ किलोमीटर. गठ्ठे बांधून निघायचं आणि गावात थांबलं की गाडी बंद पडायची. गिऱ्हाइकाला पेपर चहासोबत पाहिजे, अकरा वाजता त्याचं काय करायचंय? सहा महिन्यांत माझी तीस-एक घरं सुटली.

असं नाही की मी दाखवली नाही. एकानं प्लग बदलला, आठ दिवसांनी परत बदलला. दुसऱ्यानं अख्खा कार्बोरेटर बदलायला लावला. ११०० रुपये घेतले, आणि गाडीचा मूळ कार्बोरेटर मागितला तर म्हणाला, ‘गेला भंगारात.’ नवा म्हणून बसवला त्याच्यावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं. तिसऱ्यानं त्यात जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट घातला. मग प्लग काळा पडायला लागला आणि साठाचं ॲव्हरेज चाळिसाच्या खाली आलं. गाडीला काय झालंय, हे तिघांपैकी एकानंही सांगितलं नाही. विचारलं की ‘जुनी गाडी आहे, असंच चालायचं.’ गाडी जुनी झाली म्हणून तिचा बिघाड खोटा होतो का? मला त्याचा अजूनही राग आहे.

चौथ्याकडं गेलो तेव्हा अण्णा सोबत होते. त्यानं गाडीकडं नीट बघितलंही नाही. मागच्या भंगाराच्या ढिगाकडं हात झटकला, ‘तिकडं टाका.’ अण्णांना शब्द ऐकू गेले नाहीत. हात दिसला. घरी आल्यावर ‘भूक नाही’ म्हणून तसेच झोपले.

चाचा, हे सगळं घेऊन मी तुमच्याकडं आलो होतो. तुम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

तुम्ही पान्याला हात लावायच्या आधी अण्णांना खुर्ची दिलीत, माठातलं पाणी दिलंत. मग गाडी चालू करून नुसते उभे राहिलात. चांगली दोन मिनिटं. मला वाटलं, हे पण आता कार्बोरेटर बदला म्हणणार. तुम्ही म्हणालात, ‘बाहेरून हवा ओढायली गाडी.’ आणि मला समजेल असं सांगितलंत. रेस सोडली की कार्बोरेटरचा दरवाजा मिटतो आणि इंजिन जोरात दम ओढतं, तेव्हा सांध्यात कुठं फट असली तर तिथून ओढतं. रेस दिली की दरवाजाच उघडा, मग फटीला कोण विचारतंय? सहा महिने मला कोडं होतं की पळताना ठीक चालणारी गाडी थांबली की का येडी होते. तुम्ही ते दोन वाक्यांत सोडवलंत.

मग सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज आणलीत. कार्बोरेटर आणि इनलेट पाईपच्या सांध्यावर पाण्याचे दोन-चार थेंब सोडलेत. आवाज लगेच उतरला, अडखळला, पाणी आत ओढलं गेलं तसा परत चढला. तुम्ही सिरिंज माझ्या हातात दिलीत, ‘आता तू टाकून बघ.’ मी टाकलं. तेच झालं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला माझ्या गाडीचा बिघाड दाखवला होता.

उघडल्यावर जे निघालं ते बघून मला लाजच वाटली. आवळून आवळून कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे सांध्याची पट्टी, नट बसतात त्या दोन्ही कानांना वाकलेली. सांधा बंद करणारी रबरी ओ-रिंग गायब, तिच्या जागी चिकटवायचा बॉण्ड थापलेला, तोही पेट्रोलनं फुगून शेवाळासारखा झालेला. मधल्या इन्सुलेटरला, इंजिनाची गरमी अडवणाऱ्या तुकड्याला, तडा. तुम्ही कुणाला शिवी दिली नाही, पत्र्याच्या पेटीतून स्प्लेंडरचा जुना पण कंपनीचा कार्बोरेटर काढलात. खिडकीच्या काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्याची फ्लँज आठचा आकडा काढत घासत बसलात, मधे मधे डोळ्यासमोर धरून उजेड बघत. बाकीचं काम मी इथं सांगत बसत नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. नट आवळताना तुम्ही पाना दोन बोटांत धरला होता, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलंय. शिकणाऱ्या पोराला म्हणालात, ‘जोर नाही लगाने का, बैठा की बस.’

त्या पोराकडं बघून मला वाटलं, हे काम आता किती जणांना येत असेल? १ एप्रिल २०२० पासून धुराचा नवा नियम बीएस-६ आला, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. सेन्सर आले, स्कॅनर आले. नवीन पोरांनी कार्बोरेटर का शिकावा, त्यांचंही बरोबर आहे. पण आमच्याकडं दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, पेपरचे गठ्ठे अजून ह्याच जुन्या गाड्या वाहतात. त्यांना हात लावणारा माणूस पाहिजे ना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

गाडी चालू झाली. आवाज मला चांगला वाटला, मी खिशात हात घातला. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही. फडक्यानं हात पुसलेत, ते काळेच राहिले म्हणून गळ्यातल्या गमछाला परत पुसलेत, आणि अण्णांकडं गेलात. त्यांना कोपराला धरून उठवलंत, गाडीजवळ आणलंत, त्यांचा उजवा तळहात टाकीवर ठेवलात. आणि खाली बसलात, स्क्रू ड्रायव्हर रेसच्या स्क्रूला लावलात, आणि तोंड वर करून अण्णांकडं बघायला लागलात.

अण्णांना आधी समजलं नाही. मग समजलं. डोळे मिटले त्यांनी. डाव्या हाताची बोटं खाली दाबल्यासारखी केली, कमी. तुम्ही पाव फेरा कमी केलात. परत बोटं, अजून थोडी. तुम्ही थांबलात. मग अण्णांनी बोटं किंचित वर केली, तुम्ही केसभर वाढवलंत. रस्त्यावरून ट्रक जात होते, एसटी जात होत्या, आणि ऐकू न येणारा माणूस हातानं आपल्या गाडीचं ट्युनिंग करत होता. शेवटी अण्णा मोठ्यानं म्हणाले, ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं, ‘आता बसली!’

तुम्ही म्हणालात, ‘गुरुजी बोले तो बस.’

चाचा, डॉक्टरांनी त्या दिवशी कानाचं मशीन लिहून दिलं, ते आम्ही घेऊ. पण तीन वर्षांत अण्णांना कुणी काही विचारलं नव्हतं. आम्ही घरचेसुद्धा. ओरडून सांगावं लागतं म्हणून सांगणं कमी झालं, मग विचारणंही सुटलं. हे मी कबूल करतो. तुम्हाला कानानंच काम भागत होतं, तुमचा कान काय कमी आहे का? तरी तुम्ही त्यांच्या हाताला विचारलंत.

पहाटेच्या लाइनवर मला अशी माणसं भेटतात. एक माय आहे, पाच वाजता चुलीवरचा पहिला कप मला देते, पेपर घेत नाही, वाचता येत नाही तिला. एसटीचे एक कंडक्टर आहेत, पाऊस असला की गठ्ठा स्वतःच्या सीटखाली ठेवतात. ह्यांच्या जिवावर दिवस निघतो. तसले चार मिस्त्री भेटले म्हणून मी लोकांवरचा विश्वास सोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात तुमच्या दारात गाडी बंद पडली.

पैशांचंही सांगतो, लोकांना कळू द्या. कार्बोरेटर, ओ-रिंग, इन्सुलेटर, मजुरी मिळून ६५० म्हणालात. मी हजार दिले, तुम्ही ३५० मोजून माझ्या खिशात कोंबलेत. आणि तो काढलेला बिननावाचा कार्बोरेटर कागदात गुंडाळून दिलात, ‘तुझ्या पैशाचा आहे, घेऊन जा.’ तो मी घरी कोनाड्यात ठेवलाय.

ॲव्हरेज परत ५८ पर्यंत आलंय. सुटलेल्यांतली अकरा घरं परत लागली. मी निघताना अण्णा उठून ओट्यावर येतात, टाकीवर हात ठेवतात, मान हलवतात, मग मी गिअर टाकतो.

परवा मात्र त्यांनी मान हलवली नाही. वरच्या बाजूला कायतरी टिकटिकतंय म्हणतात, हाताला लागतंय. मला काही ऐकू येत नाही. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, टॅपेट, म्हणजे वरच्या व्हॉल्व्हची फट, मृगाच्या आधी बघायचे का पाऊस पडून गेल्यावर चालेल? येत्या रविवारी पेपर टाकून दहापर्यंत निघतो. अण्णांना घेऊनच येतो.

तुमचा,
जिंतूरचा पेपरवाला