डोळा ‘नॉर्मल’, तरी दिसत नाही

संपादक महोदय,

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या डोळ्यापुढे कडेला सारखं चमचमायला लागलं. पुढे त्या बाजूचं दिसेनासंच झालं. बिंदू चौकात रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेली रिक्षा तिला दिसली नाही. दंड धरून मागे ओढलं म्हणून वाचली. चष्म्याचा नंबर तोच, डोळ्याचा पडदा (रेटिना) स्वच्छ. दोन ठिकाणी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. ‘मी खोटं सांगतेय का?’ म्हणून ती रडायची.

शेवटी निदान झालं ‘अझूर’ (AZOOR) या पडद्याच्या आजाराचं. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड गॅस यांनी १९९३ मध्ये वर्णन केलेला हा दुर्मीळ आजार तरुण स्त्रियांत जास्त आढळतो. पडद्याच्या बाहेरच्या थरातल्या, प्रकाश टिपणाऱ्या पेशी बिघडतात, पण सुरुवातीला वरवरच्या तपासणीत पडदा ठीकच दिसतो. दृष्टिक्षेत्राची (कडेपर्यंत कुठवर दिसतं याची) तपासणी, पडद्याच्या थरांचं चित्र घेणारी ओसीटी आणि पडद्याचा विजेचा प्रतिसाद मोजणारी ईआरजी केली की उलगडा होतो. ईआरजीसाठी आम्हाला पुणे गाठावं लागलं.

डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे, रुग्ण ‘कडेचं दिसत नाही’ म्हणाला तर ‘नॉर्मल’ लिहिण्याआधी दृष्टिक्षेत्र तपासाच. आणि शासनाने जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयांत ईआरजीची सोय करावी.

– एक भाऊ, राजारामपुरी, कोल्हापूर