मोगरा काप, पण कोपऱ्यातली काडी सोडून

बाळा,

पोचलो आम्ही नीट. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन परवा झालं, आज वॉकर धरून बाथरूमपर्यंत गेली आणि परत येऊन बसल्या बसल्या चहा मागितला, म्हणजे सगळं ठीक आहे असं समज. मी महिनाभर तरी चिपळूणलाच आहे, पाडव्याच्या आधी मुलुंडला परत. डब्याचं तू बघशील, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती गॅलरीची. काल फोनवर तू म्हणालास ना, "आई मी रोज दोनदा पाणी घालतोय", तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

गेल्या वर्षीचा कढीपत्ता आठव. आठ दिवस लग्नाला गेले होते मी, तू मोबाइलवर अलार्म लावून तीन तीन वेळा पाणी घातलंस, पानं पिवळी पडली तर अजून घातलंस. आल्यावर मी खोड धरून जरा ओढलं तर आख्खं झाड हातात, आणि मुळं कशी, तर उकडलेल्या शेवयांसारखी, वास पण तसलाच. तुझी माया होती रे, पण मुळांना हवा पण लागते. म्हणून आता अलार्म बंद. बोट मातीत दोन पेरं खाली घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, ओलं लागलं तर ते झाड सोडून पुढे जायचं. सगळ्या कुंड्या एकाच दिवशी तहानत नाहीत. आणि पाणी सकाळी सातच्या आत, कारण एकतर ऊन चढायच्या आधी मुरतं, दुसरं म्हणजे खालच्या काकूंचे पापड-कुरडया आता सुरू होतील आणि आपल्या ग्रिलमधून थेंब पडला की त्या काही बोलत नाहीत, फक्त वर बघतात, ते बघणं मला नको.

ही पाण्याची गोष्ट झाली. खरं काम वेगळंच आहे आणि ते ह्याच पंधरा दिवसांत व्हायला पाहिजे. मुंबईला वसंत म्हणजे तरी काय, पहाटे पंख्याचा नंबर कमी करावा लागतो आणि दुपारी पाचवर, एवढाच. हायवेला विक्रोळीकडे ती गुलाबी झाडं फुलली की समजायचं उन्हाळा आलाच. त्याच्या आत झाडं कापली, माती बदलली तर नवी फूट जोरात येते, मार्चच्या शेवटी कापायला गेलास तर कोवळी पालवी उन्हात करपते. मी जानेवारीतच करणार होते पण मावशीचं ठरलं आणि राहून गेलं, आता तुझ्या गळ्यात.

आधी मोगरा. राणीच्या बागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन असतं ना, तिथून बाबांनी आणलेला तो. (बाबा इथे शेजारीच बसलेत, म्हणतायत लिही की भाव करून आणला होता. लिहिलं.) मोगऱ्याला फूल नव्या फुटीवरच येतं, जुन्या काटकीवर नाही, म्हणून तू कितीही खत घाल, कापल्याशिवाय काही होत नाही. पाच-सहा दिवस पाणी अगदी कमी कर, पानं जराशी मलूल दिसली तरी घाबरू नकोस, तो ताण त्याला लागतोच. मग माझी कात्री घे, स्वयंपाकघरातली नाही, गॅलरीतल्या ड्रॉवरमधली लाल मुठीची, डेटॉलने पूस, आणि प्रत्येक फांदी वरून साधारण तिसरा हिस्सा काप. कापताना पानांची जोडी जिथे आहे त्याच्या जरा वर, तिरका काप. वाळलेल्या आणि आत आत घुसलेल्या काड्या मुळापासून काढ. राहिलेली पानं पण हाताने खुडून टाक. झाड बोडकं दिसेल, तुला वाटेल मेलंच. नाही मरत. वरची इंचभर माती खुरप्याने मोकळी कर, दोन मुठी गांडूळखत घाल, मग पोटभर पाणी. आठ-दहा दिवसांत कापलेल्या ठिकाणी खाली तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके दिसतील, दिसले की मला फोटो टाक.

आणि त्याची जागा बदल. हे तुझ्या कधी लक्षात आलंय का बघ, डिसेंबरमध्ये आपल्या हॉलमध्ये पार सोफ्याच्या पायापर्यंत ऊन येतं, आणि मे महिन्यात बाहेर एवढा जाळ असून गॅलरीत सावली. सूर्य डोक्यावर चढतो आणि आपली गॅलरी दक्षिणेची, वर चौथ्या मजल्याचा स्लॅब, मग ऊन आत येणार कुठून. म्हणून आत्तापासून मोगरा ग्रिलच्या पुढच्या कडेला, त्याला पाच-सहा तास ऊन पाहिजे. मनी प्लँट आणि ते तुझं कसलंसं पट्ट्यापट्ट्याचं झाड आत भिंतीला.

जास्वंदीची कुंडी बदलायची आहे, रविवारी कर, मीटिंगच्या मध्ये नको. भोकातून मुळं बाहेर आलीत म्हणजे आत जागाच नाही उरली. मोठी कुंडी वॉशिंग मशीनच्या मागे आहे. आदल्या संध्याकाळी पाणी घाल म्हणजे मातीचा गोळा एकसंध निघेल, कुंडी आडवी कर, कडेने थापट्या मार, खोड ओढू नकोस तर कुंडी मागे सरकव. मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसतील, लोकरीच्या गुंड्यासारखी, ती बोटांनी बाहेरून जरा सोडव आणि तळाची थोडी कापून टाक. तशीच्या तशी नव्या कुंडीत ठेवलीस तर ती आपली तिथेच गोल फिरत बसतात. खाली भोकावर फुटक्या कुंडीची खापरी, मग माती, गांडूळखत, कोकोपीट. कोकोपीटची ती वीट कोरडी घालू नकोस हां, बादलीत भिजव आधी, अर्धी वीटच घे नाहीतर बाथरूमभर होईल, मागच्या वेळी बाबांनी केलं होतं. काठापासून दोन बोटं जागा सोड. चार दिवस सावलीत ठेव, नवं खत एवढ्यात नाही.

जास्वंदीच्या शेंड्याला मुंग्या लागल्या असतील तर मुंग्यांच्या मागे लागू नकोस, त्या गोड चिकटा खायला येतात. पान उलटं कर, देठाशी कापसासारखं पांढरं दिसेल, तो पिठ्या ढेकूण. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढ. मग लिटरभर पाण्याला चमचाभर नीमतेल, पण तेल आधी भांड्याच्या लिक्विडच्या चार थेंबांत फेट, नाहीतर ते पाण्यावर तरंगत राहतं आणि पंपातून नुसतं पाणी जातं. ऊन उतरल्यावरच मार. आठवड्याने परत एकदा.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, बी धरलं की ती लाकूड होते. थोड्या वाळव, पावसाळ्यात लावू. शेवंतीचा आता बहर संपला, जमिनीपासून चार बोटं ठेवून बाकी काप. कढीपत्त्याला, नव्याला, शेंडा मोड आणि पाण्यासारखं पातळ ताक घाल पंधरा दिवसांतून एकदा, बास. टोमॅटो काढून टाक, उन्हाळ्यात आपल्याकडे फुलं येतात आणि गळतात, उगाच जागा अडते. त्या कुंडीत भेंडी लाव, बी डब्यात हिंगाच्या डबीशेजारी पुडीत आहे, रात्रभर भिजवून एका कुंडीत तीन टोच. मी येईपर्यंत वीतभर तरी व्हायला पाहिजे.

कुंड्यांखालच्या थाळ्या दर रविवारी ओतून पुसून ठेव. डासाला अंड्यापासून उडायला आठवडाभर पुरतो, आणि पालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा पहिल्यांदा थाळीतच टॉर्च मारतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाच, पुढे ढकलत बसू नकोस.

ग्रिलच्या डाव्या कोपऱ्यात जाईच्या वेलाची एक वाळलेली काडी खाली लोंबतेय. मी निघायच्या आधी दोन दिवस तिथे शिंजीरची मादी येत होती. अंगठ्याएवढा पक्षी, पोट पिवळसर, चोच वाकडी. चोचीत कोळ्याचं जाळं आणायची, काडीला गुंडाळायची, परत जायची. एकदा तर आपल्या उशीतला कापूस कुठून मिळवला देव जाणे. घरटं म्हणून काही दिसत नाही, कचरा लोंबतोय असंच वाटतं, सुकी पानं, जाळ्या, सालपटं, एका बाजूला एवढंसं भोक आणि त्यावर छज्जासारखी झालर. ती एकटीच बांधते. नर येतो, चकाकतो, समोरच्या वायरवर बसून ओरडतो आणि जातो. (बाबांना हे वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत.)

ती काडी कापायची नाही. मी वर एवढं काप काप लिहिलंय म्हणून तू उत्साहात कात्री घेऊन तिथपर्यंत जाशील ह्याचीच मला भीती. नीमतेलाचा पंप पण त्या बाजूला नको, जास्वंद आत घेऊन फवार. मोगरा उजव्या कडेला ठेव, डाव्या नाही. कपड्यांची दोरी तिथली सोड काही दिवस, दोन अंडी घालते बहुतेक, उबवायला पंधरवडा आणि पिल्लं उडायला पुढे तेवढेच दिवस. मोबाइल भोकाजवळ नेऊन व्हिडिओ काढू नकोस, ती सोडून जाते. सोफ्यावरून दिसतं, तिथून बघ.

आणि सगुणाताई शनिवारी जळमटं काढायला लांब झाडू घेतात, त्यांना मी सांगायला विसरले. त्या साडेनऊला येतात, तू तेव्हा झोपलेला असतोस. ह्या शनिवारी ऊठ.

तुझी,
आई