अण्णा घरी येताहेत, त्याआधी

सातारा, रविवार

प्रिय विन्या,

स्ट्रोक, म्हणजे लकवा, झालेल्या अण्णांना मंगळवारी हॉस्पिटलातून सोडणार म्हणतोस. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या असतात, फॉलोअपची तारीख असते. माणसाला पलंगावरून उठवायचं कसं, हे नसतं. आणि घरात नुकसान होतं ते नेमकं तिथेच.

आधी खांदा. उजवा हात लुळा, म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत. त्या हाताला धरून ओढलं किंवा काखेत हात घालून उचललं की सांधा निसटतो आणि महिनोन्‌महिने ठणकतो. भेटायला येणाऱ्यांनाही बजावून ठेव. बसले असतील तेव्हा हात लोंबकळू द्यायचा नाही, खाली उशी हवी. दाराला कप्पी टांगून हात वर ओढायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नकोस. रबरी चेंडूही फिजिओला विचारल्याशिवाय नको. बोटं मुळातच आत वळू बघतात, आपल्याला ती उघडायची आहेत. आणि त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी अजिबात नाही. चटका कळत नाही, कातडी भाजते.

उठवताना खुर्ची डावीकडे, म्हणजे धड बाजूला, पलंगाशी तिरकी लाव. अण्णा काठाशी सरकले पाहिजेत, पावलं जमिनीला टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धर, तुझ्या गुडघ्याने त्यांचा उजवा गुडघा अडव आणि त्यांना पुढे वाकायला सांग, इतकं की नाक पावलांच्या वर येईल. लोक सरळ वर खेचतात, मग वजन मागे जातं आणि दोघंही पलंगावर. काकूंनी हे एकटीने करायचं नाही, त्यांची कंबर जाईल.

आता जेवण. चहात बुडवलेलं बिस्किट निरुपद्रवी वाटतं, पण गिळायला अडचण असेल तर पातळ आणि घट्ट एकदम तोंडात जाणं सगळ्यात अवघड. आमटी-भाताचंही तेच: पाणी आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात. त्यापेक्षा घोटलेली मऊ खिचडी, घट्ट दही, कुस्करलेलं केळं. पूर्ण ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटा चमचा, घास डाव्या गालाकडून. उजव्या गालात घास साठलाय का ते बघ. खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओलसर आला किंवा ठसका लागला तर थांब आणि स्पीच थेरपिस्टला कळव; अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

बोलताना अण्णांना शब्द सापडत नाहीत म्हणजे अक्कल गेली असं नाही. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि मग गप्प बसून वाट बघ. काकू वाक्य पुरं करून टाकतील, त्यांना आवर. दोन-तीन आठवडे सतत उदास दिसले, जेवण-झोप उडाली, तर डॉक्टरांना सांग. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे.

हे सगळं घरच्यांनी शिकायचं, पण फिजिओ बंद करायचा नाही. भारतातल्याच 14 रुग्णालयांतल्या 1250 स्ट्रोकच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नव्हतं. मला त्याचा अर्थ असा लागतो: तुम्ही इजा टाळा, चालवणं जाणकाराकडे सोपवा.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आहे. लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला न्यायचा आग्रह होईल, तेव्हाही गोळ्या चुकता कामा नयेत. तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर लगेच 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अपंगत्वाच्या दाखल्याची आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राची, घाई आत्ता नको. सुधारणा कुठवर होते ते आधी दिसू दे.

चाकाची खुर्ची मागवलीस का? थांब. संडासाच्या दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोज आणि उंबरा किती उंच आहे तेही कळव. बऱ्याच खुर्च्या बाहेरून बाहेर दोन फुटांहून जास्त भरतात आणि दारातच अडकतात. तसं असेल तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवू.

तुझा,
बाळ्या